ॲल्युमिनियम मोरचुदात टाकलं, काहीच झालं नाही. मुलांनी वहीत काय लिहायचं?

प्रश्न : दहावीच्या बाई, तासगाव तालुका

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते, बारा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात वर्गात एक गोष्ट झाली ती मनातून जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वाचायला वेळ लागेल, पण कृपया पूर्ण वाचा.

विस्थापन अभिक्रियेचा प्रयोग होता. प्रयोगशाळेतली मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची, बाटली संपलेली होती. आमचा भाग द्राक्षाचा, त्यामुळे मोरचूद कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो. येताना अर्धा किलोची पुडी घेऊन आले. स्टीलच्या चमच्याने काढू नका असं मुलांना आधीच सांगितलं, प्लास्टिकचा चमचा दिला. अर्धा लिटर पाण्यात पाच सपाट चमचे घातले. छान स्वच्छ निळं द्रावण झालं.

मुलांचे पाच गट केले. कुणाला लोखंडी खिळा, कुणाला जस्ताची पट्टी, कुणाला तांब्याची तार. एका गटाला ॲल्युमिनियमची पट्टी दिली, ती आमच्याच स्वयंपाकघरातल्या फॉइलमधून कापून आणली होती. अभिक्रियाशीलता श्रेणी फळ्यावर लिहिलेली होतीच. वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षारातून बाहेर काढतो, हे वाक्य मुलं झोपेतही म्हणतील. ॲल्युमिनियम श्रेणीत लोखंडाच्याच काय, जस्ताच्याही वर. तेव्हा खिळ्यापेक्षा तिथं जोरात काम होईल, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं.

पहिल्या गटाचा खिळा जुना होता, पॉलिश पेपरने घासलेला. दोन मिनिटांत तांबूस झाला. मुलं खूश. दुसऱ्या गटाचा खिळा हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला, नवा, चकचकीत. त्याच्यावर तांबूस काही नाहीच, काळं-करडं भुसभुशीत काहीतरी धरायला लागलं. जस्ताच्या पट्टीवरही तसंच काळं, शिवाय बारीक बुडबुडे. पुस्तकात बुडबुड्यांचा उल्लेख नाही. तांब्याची तार जशीच्या तशी राहिली, ते बरोबरच आहे. आणि ॲल्युमिनियम? काहीच नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तास संपला. पट्टी चकाकत होती आणि द्रावण निळं. नळी कपाटात ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तरी तेच.

आता खरी गोष्ट. त्या गटातली एक मुलगी अक्षर फार सुंदर काढते आणि दिसेल तेच लिहिते. तिनं निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं : 'ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कोणताही बदल दिसला नाही. द्रावणाचा निळा रंग तसाच राहिला. यावरून ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा कमी अभिक्रियाशील आहे.' मी वही बघितली आणि म्हणाले, "असं लिहू नकोस, बाळा. परीक्षेला गुण जातील. पट्टीवर तांबूस थर जमला असं लिही." तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "पण बाई, जमलाच नाही." मी म्हणाले, "पुस्तकाप्रमाणे जमायला हवा."

तिनं फूटपट्टी ठेवून तिन्ही ओळी खोडल्या आणि वर माझं वाक्य लिहिलं. परवा वह्या तपासताना ते पान समोर आलं. तिनं रेघ इतकी बारीक मारलीय की खालचं वाक्य अजून स्पष्ट वाचता येतं. मी त्या पानावर सही केली नाही, वही तशीच ठेवलीय.

तर माझं विचारणं असं. ॲल्युमिनियमवर काही का झालं नाही? श्रेणी चुकीची आहे असं तर नाही ना? चकचकीत खिळ्यावर काळं काय आलं? जस्ताजवळ बुडबुडे कसले? आणि उद्या परवा त्या मुलीला मी काय सांगू? बोर्डाच्या पेपरात तिला उत्तर पुस्तकाप्रमाणेच द्यावं लागणार आहे, हेही मला ठाऊक आहे.

उत्तर १ : निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक, सातारा

बाई, नमस्कार. एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं काढली, आधी परिचर म्हणून, मग सहाय्यक म्हणून. मी प्राध्यापक नाही. पण हा प्रयोग किती वेळा मांडला आणि किती वेळा 'फसला', याची गणती नाही. तुमचा एकही प्रयोग फसलेला नाही. पाचही नळ्यांनी खरं सांगितलंय.

ॲल्युमिनियमपासून सुरू करतो. श्रेणी बरोबर आहे. आकडे बघायचे तर प्रमाणित विद्युतविभव (जितकं जास्त उणे, तितका धातू जास्त अभिक्रियाशील) ॲल्युमिनियमचं उणे १.६६ व्होल्ट, जस्ताचं उणे ०.७६, लोखंडाचं उणे ०.४४ आणि तांब्याचं अधिक ०.३४. म्हणजे तांब्याला बाहेर काढायची ओढ ॲल्युमिनियमला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. पण श्रेणी ओढ किती तेवढंच सांगते. वाट मोकळी आहे की नाही, ते तिला ठाऊक नसतं.

ॲल्युमिनियमची वाट बंद असते. हवा लागली रे लागली की त्याच्यावर त्याच्याच ऑक्साइडचा थर बसतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, डोळ्यांना दिसत नाही, पट्टी चकाकतच राहते. पण थर इतका घट्ट आणि सलग असतो की द्रावण आतल्या धातूपर्यंत पोहोचतच नाही. तुमच्या नळीत मोरचूद आणि ॲल्युमिनियम शेजारी होते, पण त्यांची गाठच पडली नाही. पॉलिश पेपरने घासून उपयोग होत नाही, कारण घासलेल्या जागी नळीत टाकेपर्यंत नवा थर आलेला असतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत, तो सुटून पडतो आणि आतलं लोखंड उघडं करतो. ॲल्युमिनियमचा 'गंज' त्यालाच राखतो. आपली भांडी वर्षानुवर्षं टिकतात ती यामुळेच, नाहीतर इतका अभिक्रियाशील धातू चुलीवर ठेवायच्या लायकीचा नाही.

आता हे करून बघा. तीच नळी, तेच द्रावण, तीच पट्टी. त्यात साधं खायचं मीठ टाका, दोन चिमटी, आणि हलवा. मिठातला क्लोराइड तो थर जागोजागी फोडतो. आपल्याकडे जुन्या बायका ॲल्युमिनियमच्या डब्यात मीठ ठेवू देत नाहीत. तळाला टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं पडलेली त्यांनी पाहिलेली असतात. कारण हेच. मीठ पडलं की मिनिटा-दोन मिनिटांत पट्टीच्या कडा काळपट लाल व्हायला लागतील, बुडबुडे सुटतील, द्रावणाला आधी जरा हिरवट झाक येईल आणि मग निळा रंग उतरत जाईल. पट्टी चाळणीसारखी होऊन तळाशी विटकरी गाळ साचेल. ते तांबं. मोरचुदाऐवजी कॉपर क्लोराइड वापरलं असतं, तर मिठाचीही गरज पडली नसती, क्लोराइड त्यातच आहे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ही अभिक्रिया सुरू झाली की थांबत नाही आणि चांगलीच तापते. नळी मुलांच्या हातात देऊ नका, स्टँडला लावा, नाहीतर सरळ चंचुपात्रात करा. द्रावण तुम्ही केलंय तसंच पातळ ठेवा, पट्टी बोटाच्या पेराएवढी. तोंड झाकायचं नाही, जवळ बर्नर किंवा मेणबत्ती पेटती नको, कारण सुटतो तो वायू बराचसा हायड्रोजन असतो. चष्मे नसतील तर तुम्ही एकट्या करा आणि मुलांना दोन हात लांब उभं करा.

खिळ्याचं सोपं आहे. नवा चकचकीत खिळा बहुधा जस्ताचा मुलामा दिलेला होता. द्रावणाला लोखंड भेटलंच नाही, जस्त भेटलं. म्हणून तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला सारखंच दिसलं. खिळा आणायचा तर साधा काळपट, बिनमुलाम्याचा आणा, तेल असेल तर साबणाने धुवा, मग घासा. आणि काळं जे दिसलं तेही मुख्यतः तांबंच. जस्ताबरोबर अभिक्रिया इतक्या झपाट्याने होते की तांब्याचे कण अतिशय बारीक पडतात, आणि इतके बारीक कण उजेड परत फेकत नाहीत, गिळतात. म्हणून काळे. ते धुऊन ओलं असतानाच कागदावर घ्या आणि चमच्याच्या पाठीने दाबून रगडा, तांबूस झाक दिसेल. मुलांना हे फार आवडतं.

बुडबुडे हायड्रोजनचे. मोरचुदाचं द्रावण मुळातच किंचित आम्लधर्मी असतं. निळा लिटमस बुडवून बघा, लाल होईल. त्यात जस्त, वर त्याला चिकटलेलं तांबं, म्हणजे ठिकठिकाणी इवलासा विद्युतघटच तयार होतो. पुस्तकात जागा कमी असते, म्हणून फक्त मोठी अभिक्रिया लिहितात. नळीत दोन्ही चालू असतात.

अजून एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी विचारेलच. खिळा टाकल्यावर निळा रंग जाऊन हिरवा होतो असं पुस्तक म्हणतं आणि मुलांना निळाच दिसत राहतो. तुमच्या द्रावणाच्या दहा मिलिलीटरमध्ये अर्धा ग्रॅम मोरचूद आहे असं धरू. त्यात तांबं साधारण सव्वाशे मिलिग्रॅम. ते सगळं बाहेर काढायला एकशेदहा-बारा मिलिग्रॅम लोखंड विरघळायला हवं. एका खिळ्याच्या पृष्ठभागावर तासाभरात तेवढं होत नाही, शिवाय वर बसलेलं तांबं पुढच्या कामाला आडवं येतं. खिळ्याऐवजी फॅब्रिकेशनच्या दुकानातून लोखंडाचा कीस आणा, धुऊन टाका आणि हलवा. थोड्याच वेळात निळा उतरतो आणि फिकट, अगदी फिकट हिरवा राहतो. तो हिराकसाचा, म्हणजे लोखंडाच्या सल्फेटचा रंग. रात्रभर ठेवलं तर पिवळट-तपकिरी होतं, ते हवेमुळे. कुणी मूल दुसऱ्या दिवशी 'पिवळा' लिहील, त्याचंही खोडू नका.

आता त्या मुलीचं. बाई, राग मानू नका, पण स्पष्ट लिहितो. तिच्या तीन वाक्यांपैकी पहिली दोन निरीक्षणं आहेत आणि ती खरी आहेत. तिसरं अनुमान आहे, ते चुकलं. दुरुस्त करायचं होतं तिसरं. तुम्ही तिन्ही खोडायला लावलीत आणि वर जे घडलंच नाही ते लिहून घेतलंत. तिच्या वहीतली पहिली दोन वाक्यं परत आणा. तिसऱ्याजवळ प्रश्नचिन्ह करा आणि मिठाचा प्रयोग तिच्याच हातून, म्हणजे तुम्ही शेजारी उभ्या राहून, करून घ्या. पेपरातलं उत्तर ती लिहीलच, त्याची काळजी नको.

उत्तर २ : द्राक्षबागायतदार, पलूस

ताई, तुमच्या वर्गातली निम्मी पोरं ही अभिक्रिया घरी बघत असतील, त्यांना विचारा.

आम्ही डाऊनीसाठी, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगासाठी, बोर्डो मिश्रण करतो. एक टक्क्याचं म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद फडक्यात बांधून प्लास्टिकच्या पिंपात रात्री लटकत ठेवायचा, सकाळपर्यंत विरघळतो. चुना दुसऱ्या भांड्यात विझवून, गाळून घ्यायचा. मग दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतायचं, एकानं काठीनं ढवळत राहायचं. झालं की विळ्याचं पातं घासून स्वच्छ करायचं आणि त्यात बुडवून जरा वेळ धरायचं. पात्यावर तांबूस डाग आला तर मिश्रण कच्चं, अजून चुन्याची निवळी घालायची. पातं पांढरं राहिलं तर फवारायला हरकत नाही. डाग येत असताना फवारलं तर पानं करपतात, मी करपवलेली आहेत.

हे वडिलांनी शिकवलं तेव्हा ते नुसतं 'विळा लावून बघ' म्हणायचे. का ते त्यांनाही माहीत नव्हतं. मला पुढं कळलं की चुना पुरला तर सगळं तांबं न विरघळणाऱ्या निळ्या साक्यात अडकतं, पाण्यात सुटं काही राहत नाही, मग लोखंड कुणाला बाहेर काढणार? सुटं राहिलं तरच विळ्यावर चढतं. हीच तुमची विस्थापन अभिक्रिया.

सुरुवातीच्या वर्षी मी मोरचूद लोखंडी पिंपात भिजवला होता. सकाळी पाणी फिकट आणि पिंपाला आतून तांबं चढलेलं. औषध वाया गेलं आणि दोन हंगामांत पिंपाचा तळ गळायला लागला. तेव्हापासून बागेत लोखंडी पिंप नाही.

उत्तर ३ : मूळचा विट्याकडचा, सध्या कोइमतूर

बाई, मी गलाईवाला. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं देशभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पसरलीत, मी त्यातलाच. दहावीला मला विज्ञानात जेमतेम पास होण्यापुरते गुण होते, पण तुमचा धडा मी रोज हातानं करतो.

जुन्या दागिन्याचं सोनं शुद्ध करताना आम्ही त्यात सोन्याच्या तिप्पटीच्या आसपास चांदी घालून मुशीत वितळवतो आणि पाण्यात ओतून रवा पाडतो. तो रवा नायट्रिकच्या तेजाबात उकळला की चांदी आणि तांबं विरघळून जातं, तळाशी तपकिरी भुकटी राहते. ते सोनं. बघणाऱ्याला वाटत नाही, पण मुशीतून काढलं की पिवळं धमक. आता चांदी पाण्यात गेली, ती परत कशी आणायची? त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या लटकवायच्या. थोड्याच वेळात पट्टीवर करडी-पांढरी लव उगवायला लागते, हलवली की गळून तळाशी बसते. इकडं चांदी पडत जाते, तिकडं पाणी निळं होत जातं, कारण पट्टीचं तांबं आत जातं. एक किलो चांदी पाडायला हिशेबानं तीनशे ग्रॅमच्या आत तांबं लागतं. तेजाब शिल्लक असेल तर जास्त, कारण ते नुसतं तांबं खातं.

चांदी सगळी पडली का, ते कसं ओळखतो सांगू? वरच्या पाण्याचे चार थेंब काचेवर घ्यायचे आणि मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा. दुधासारखं पांढरं झालं तर चांदी अजून आहे. स्वच्छ राहिलं तर पडली. मग चांदी गरम पाण्यानं धुऊन, वाळवून, टाकणखार घालून वितळवायची.

आणि ते निळं पाणीही टाकायचं नाही. त्यात भंगार लोखंड टाकलं की तांबं पडतं. म्हणजे बघा, तांब्यानं चांदी काढली, लोखंडानं तांबं काढलं. तुमच्या फळ्यावरची श्रेणी आमच्या दुकानात एका पिंपातून दुसऱ्या पिंपात उतरत जाते.

मुलांना हे सांगा, पण करून दाखवू नका. तेजाबाचा तांबडा धूर फुप्फुसं खातो. माझ्या चुलत्यांनी बिनधुराड्याच्या खोलीत पंचवीस वर्षं काढली, शेवटी त्यांना जिना चढवेना.

उत्तर ४ : अकरावीचा विद्यार्थी

मग सोडियम टाकलं तर सगळ्यात जास्त तांबं मिळेल ना? श्रेणीत तर ते कितीतरी वर आहे.

निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक, सातारा

नाही मिळणार, आणि करून बघायचं नाही. द्रावणात मोरचुदापेक्षा पाणी कैक पटींनी जास्त. सोडियम आधी पाण्यावर तुटून पडतं, हायड्रोजन सुटतो, पेट घेतो, उडतो. कॉस्टिक सोडा तयार होतो आणि त्यानं निळा चिकट साका पडतो, तो कॉपर हायड्रॉक्साइडचा. धातूचं तांबं काही हाती लागत नाही. खालच्या धातूच्या क्षाराचं द्रावण आणि वरचा धातू समोरासमोर आले तरी मध्ये पाणी आहे, हे विसरायचं नाही.

दहावीच्या बाई, तासगाव तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. सहाय्यक सर, राग अजिबात आला नाही. तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना ती वही समोर घेऊन बसले होते.

काल शेवटच्या दोन तासिका एकत्र घेतल्या. सुरुवातीलाच वर्गाला सांगितलं की गेल्या आठवड्यात ॲल्युमिनियमच्या गटानं लिहिलेलं निरीक्षण बरोबर होतं आणि मी ते खोडायला लावलं, ते माझं चुकलं. वर्ग एकदम गप्प झाला. त्या मुलीनं मान वर केली नाही, पण कान लाल झालेले मला दिसले.

चंचुपात्र टेबलाच्या मधोमध ठेवलं. आधी पाच मिनिटं मीठ न घालता नुसती पट्टी. सगळ्यांनी लिहिलं : बदल नाही. मग तिला पुढं बोलावलं आणि चिमटीत मीठ दिलं. तिनं दोन चिमटी टाकल्या, काचेच्या कांडीनं ढवळलं आणि मागे सरली. पहिला अर्धा मिनिट काही नाही. मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, आताही नाही." तेवढ्यात पट्टीच्या कापलेल्या कडेला एक काळपट लाल ठिपका आला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग सगळी कडाच गंजल्यासारखी दिसायला लागली, बुडबुड्यांची रांग लागली आणि पट्टी बुडबुड्यांच्या जोरावर वर आली, परत खाली गेली. मी पात्राला बाहेरून हात लावून पाहिला, गरम लागलं. पंधरा मिनिटांत निळा रंग जवळजवळ गेला आणि तळाशी विटकरी चोथा. मुलं बाकांवर चढून बघत होती, मी कुणाला खाली बसा म्हटलं नाही.

पलूसच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे विळ्याचं विचारलं. अकरा हात वर आले! एक मुलगा, जो एरवी वर्गात तोंड उघडत नाही, त्यानं उभं राहून बोर्डोची सगळी कृती सांगितली, चुना विझवताना तोंड बाजूला कसं धरायचं तेसुद्धा. गलाईचं सांगितलं तर एकीचा मामाच त्या धंद्यात निघाला.

उरलेल्या मोरचुदाच्या पाण्यात फॅब्रिकेशनवाल्याकडून आणलेला कीस टाकून ठेवलाय. तांबं त्यात उतरलं की मगच ते पाणी बाहेर टाकायचं ठरलंय, शाळेच्या मागून ओढा जातो आणि त्यात मासे आहेत.

तिच्या वहीत आता असं आहे. जुन्या पानावर खोडलेली पहिली दोन वाक्यं तिनं खाली पुन्हा लिहिलीत, मी शेजारी सही केलीय. तिसरं वाक्य तिनं स्वतः बदललं : 'ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडच्या थरामुळे अभिक्रिया दिसली नाही. मीठ घातल्यावर दिसली.' आणि समीकरण लिहिलं, संतुलितही केलं. मग वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, मिठाशिवाय हे झालंच नसतं. पण समीकरणात मीठ कुठंच नाही. ते कुठं लिहू?"

मी तिला उद्या सांगते म्हणाले. सर, कुठं लिहायचं?

निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक, सातारा

बाणाच्या वर, बाई. उष्णता, दाब लिहितो ना, तिथं. आणि कृतीत 'दोन चिमटी' असं मापासकट.